बालपण बाजूला ठेवून बोलू

जुन्या साहसपटांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की मला ते सिनेमे आवडत नाहीत, माझं बालपण आवडतं. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधले सांगाडे जत्रेतल्या खेळण्यांसारखे दिसतात. आणि ‘टॉम अँड जेरी’ म्हणजे नुसती मारामारी, वर वर्णद्वेष.

वर्णद्वेषाचं आधी उरकतो, कारण तिथे वाद नाहीच. त्यातली काळी मोलकरीण ज्या तऱ्हेने रंगवली आहे, ती बघवत नाही. पुढे टीव्हीसाठी तिची दृश्यं नव्याने काढली गेली, आवाज बदलले गेले. माझ्या भाचीला मी ते भाग लावून देत नाही.

आता बालपण. ते एवढं आंधळं असतं तर त्या काळातलं सगळंच मला गोड लागायला हवं होतं. तसं नाही. हॅना आणि बार्बेरा यांनी 1940 मध्ये सुरू केलेल्या ‘टॉम अँड जेरी’ला सात ऑस्कर मिळाले. 1957 मध्ये त्यांचा एमजीएमचा कार्टून स्टुडिओ बंद पडला आणि 1961-62 मध्ये प्रागमध्ये जीन डाइच यांनी 13 नवे भाग केले. मांजर तेच, उंदीर तोच, आणि लहानपणी मी दोन्ही सारख्याच हौसेने पाहिले. आज मात्र प्रागचे भाग पाच मिनिटं बघवत नाहीत. काहून? तर स्कॉट ब्रॅडली यांचं संगीत तिथे नाही. मूळ भागांत टॉमचं पाऊल, दबकणं, पायरीवरून घसरणं, सगळं वाद्यांवर बसवलेलं असतं. 1947 चा ‘द कॅट कॉन्सर्टो’ पुन्हा बघा. लिस्ट या संगीतकाराची रचना वाजते आहे, टॉम पियानोवर, जेरी पियानोत. मारामारी आहेच, पण ती तालात आहे, आणि हसू येतं ते तालामुळे. ताल चुकला की नुसती आदळआपट उरते.

सांगाड्यांविषयी तुम्ही लिहिलंत त्याने मला खरं डिवचलं. 1963 चा सिनेमा. सात सांगाडे तीन माणसांशी लढतात, पडद्यावर काही मिनिटं. हे सांगाडे हलवणारे रे हॅरीहाउसेन यांना त्यासाठी साडेचार महिने लागले. बाहुली तसूभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. सेकंदाला 24 फ्रेम. एवढा खटाटोप करून दिवसाकाठी जेमतेम अर्धा सेकंद हाती यायचा. झटके दिसतात, कबूल. पण मेलेल्या माणसाचं हाड उठून उभं राहिलं तर ते सुळसुळीत चालेल का हो? त्याच सिनेमातला टॅलोस, तो काशाचा राक्षस, मुद्दामच अवघडलेला चालवला आहे. मान वळवतो तेव्हा धातू जड असल्याचं जाणवतं. आजच्या संगणकी राक्षसांना वजनच नसतं, ही माझी जुनी तक्रार आहे.

आणखी एक. नागपुरात सदरच्या लिबर्टी थिएटरात आम्ही पोट्टे इंग्रजी सिनेमे बघायचो तेव्हा संवाद कुणाच्या बापाला कळत नव्हते. तरी ‘द गन्स ऑफ नॅव्हरॉन’ (1961) सगळ्या थिएटरला समजायचा. बेटावर 2000 सैनिक अडकलेत, त्यांना सोडवायला जहाजं येणार, वाटेत दोन राक्षसी तोफा. तोफा उडवल्या नाहीत तर जहाजं बुडाली. बस. पुढचं काम चेहरे, दोर, कडा आणि घड्याळ करतं. हल्ली जग वाचवायच्या सिनेमात पहिला पाऊण तास पात्रं एकमेकांना कथा समजावत बसतात आणि तरी मी भाचीला विचारतो, हा नेमका कोणाच्या बाजूचा?

हां, तुम्हाला सिनेमा निवडायची संधी होती आणि तुम्ही चुकीचा निवडलात. खोट्या दृश्यांवरून मला पकडायचं होतं तर ‘मॅकेन्नाज गोल्ड’ (1969) घ्यायचा. दिग्दर्शक ‘नॅव्हरॉन’चाच, जे. ली थॉम्पसन. ग्रेगरी पेकही तोच. आपल्याकडे त्याने केवढी गर्दी खेचली! पण शेवटची ती दरी कोसळते तेव्हा सरळ सरळ छोटं मॉडेल दिसतं, आणि घोडेस्वारांच्या मागचं दृश्य नुसतं पडद्यावरचं आहे हेही. त्यावर तुम्ही सविस्तर लिहा, मी खाली एक शब्दही विरोधात टाकणार नाही.