पाहुण्याला काय दाखवायचे?

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यातल्या शेतावर राहायला येऊन मला सहा वर्षे झाली. शहरातले मित्र फोनवर म्हणतात, "तुझे बरे आहे, निसर्गात राहतोस, मन आपोआप शांत होत असेल." मन असे आपोआप शांत होत नाही. समोर केळीची बाग आणि मागे डोंगर असला, तरी मन केळीच्या भावात, विजेच्या वेळापत्रकात आणि हातातल्या मोबाईलमध्ये अडकलेले असू शकते. माझे बहुतेक वेळा तिथेच अडकलेले असते, आणि हे मला एकांतात नव्हे, तर घरी मित्र आल्यावर कळले.

दोन वर्षांपूर्वी शाळेपासूनचा एक मित्र पुण्याहून आला. त्याला भुसावळ स्टेशनवर उतरवून घेतल्यापासून मी फिरवतच राहिलो. पाल, मनुदेवी, उनपदेव, पद्मालय ही जळगाव जिल्ह्यातली सगळी ठिकाणे दोन दिवसांत दाखवायची असे मी मनाशी ठरवूनच टाकले होते. त्याच वर्षी त्याची आई गेली होती. पालच्या रस्त्यावर तो तिच्याविषयी बोलू लागला, आणि मी मध्येच गाडी थांबवून त्याला अंजनाची झाडे दाखवली. त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. झाडे दाखवण्याजोगी होतीच, पण त्या घटकेला माझ्या शेजारी बसलेला माणूस मला दिसला नव्हता, ही गोष्ट मला अजूनही सलते.

म्हणून या हिवाळ्यात तो पुन्हा आला तेव्हा मी काहीच ठरवले नाही. पहिल्या दिवशी भरीत केले. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मला अभिमान आहे. पण मला या वांग्याचे मोल वाटते ते ते भाजताना. कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वाळलेल्या काड्या, पेटवून त्यात ही मोठी हिरवी वांगी टाकली, की तिथून उठता येत नाही. पऱ्हाट्यांचा जाळ भरकन चढतो आणि तितक्याच लवकर बसतो. एकेक वांगे वेळेवर फिरवले नाही, तर एका अंगाने कोळसा आणि दुसऱ्या अंगाने कच्चे राहते. मग साल काढायची, लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायचे, लसूण-मिरचीची फोडणी द्यायची, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. त्याने वांगी फिरवली, मी साली काढल्या, वर्षभर शेतावर कामाला असणाऱ्या आमच्या सालदार भाऊंनी ठेचले. तीन माणसांच्या हातांना काम असले, की गप्पांमधली शांतता कोणालाच टोचत नाही. वर्तमानात राहण्याविषयी मी पुष्कळ वाचले आहे, परंतु विस्तवासमोर बसून मला जे समजले, ते वाचनातून समजले नव्हते.

दुसऱ्या रात्री शेतीची वीज उशिरा आली. कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ खुंटते, आणि विहिरीचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असल्यामुळे अशा दिवसांत आम्ही रात्री पाणी देतो. एरवी पाहुण्याला झोपायला सांगून मी एकटाच गेलो असतो, कारण पाहुण्याला कामाला लावणे हा त्याचा अपमान, अशी आपली समजूत असते. ती मला आता चुकीची वाटते. आपला दिवस, आपली रात्र आहे तशी मित्रापुढे उघडी करणे, हेच मला खरे आदरातिथ्य वाटते. तो घोंगडी पांघरून माझ्याबरोबर आला. मोटार चालू झाली, नळ्यांमधून पाणी झिरपू लागले आणि बांधावर बसल्यावर त्यानेच आईचा विषय काढला. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याविषयी तो पुष्कळ वेळ बोलला. मी मोबाईल घरी ठेवून गेलो होतो.

या महिनाअखेरीस दोन मैत्रिणी सहकुटुंब येणार आहेत. त्यांनी विचारले, "काय काय बघायचे तिकडे?" मी त्यांना फक्त गरम कपडे आणायला सांगितले आहे, कारण त्या आठवड्यात आमची विजेची पाळी रात्रीची आहे.