हत्ती गेला, शेपूट राहिले

मंडळी, गेल्या शनिवारी सकाळी आमच्या दारातून १९६७ सालची सोनेरी पॉन्टिअक जीटीओ ट्रेलरवर चढून निघून गेली. अकरा वर्षे ती माझ्या गॅरेजात होती आणि गेली तेव्हाही ती पूर्ण झालेली नव्हती. "एवढे सगळे केलेस आणि आता थोडक्यासाठी का विकतोस?" हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत इथल्या शेजाऱ्यांपासून साताऱ्याच्या मामांपर्यंत इतक्यांनी विचारला, की प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे असे ठरवले.

ज्यांना या गाड्यांची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या साध्या अमेरिकन गाडीत बसवलेले अवाढव्य इंजिन. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. जॉन डिलोरियन तेव्हा जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअक या शाखेचे मुख्य अभियंता होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ३८९ घनइंचांचे इंजिन टेम्पेस्ट लमाँ या गाडीवर जीटीओ नावाचा 'ऑप्शन' म्हणून देऊन तो नियम मोठ्या चतुराईने वळसा घालून टाळला. त्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांच्या कारखान्याने दिलेल्या क्रमांकावरून ती जीटीओ आहे की नुसती लमाँ, हे कळत नाही आणि बनावट जीटीओंचा धंदा त्यावरच चालतो. १९६६ पासून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल झाले. माझ्या गाडीचा क्रमांक २४२१७ ने सुरू होत होता. त्यातले २४२ म्हणजे जीटीओ आणि १७ म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छताची दोन दारांची गाडी. पुढचा ७ हे साल आणि त्यानंतरचा 'पी' म्हणजे मिशिगनमधल्या पॉन्टिअक शहरातला कारखाना, जो माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर होता. इंजिन ४०० घनइंचांचे, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचे, आणि शक्ती ३३५ अश्वशक्ती. अर्थात तेव्हाचे हे आकडे इंजिन स्टँडवर एकटे चालवून मोजलेले असत, त्यामुळे आजच्या आकड्यांशी त्यांची तुलना करून कोणी भांडू नये.

२०१४ साली मी ती अकरा हजार डॉलरला घेतली, तेव्हा डिकीच्या तळातून गॅरेजची फरशी दिसत होती. त्यानंतर बॉडी चासीवरून उचलली, मागच्या मडगार्डांचे खालचे भाग आणि डिकीचा तळ नव्या पत्र्याचा केला, इंजिन व गिअरबॉक्स पूर्ण उघडून नव्याने बांधले, ब्रेक आणि इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलल्या आणि कारखान्यात मिळाला होता तोच 'सिग्नेट गोल्ड' रंग पुन्हा दिला. लाल रंग दे, लवकर खपेल, असे पाचसहा जणांनी सुचवले होते. मला ते तेव्हाही पटले नाही आणि विकतानाही त्याचा पस्तावा झाला नाही.

राहिले होते ते असे: छताचे आतले कापड, पुढची आणि मागची काच, दारांची रबरे, खिडक्यांची जुळणी, सीट आणि गालिचा, डॅशबोर्डच्या वायरिंगची तपासणी, कायमचे सायलेन्सर आणि चाकांची अलाइनमेंट. कागदावर मांडले तर हे चार सुट्ट्यांचे काम वाटते, आणि म्हणूनच सगळे मला 'हत्ती गेला, शेपूट राहिले' ऐकवत होते. माझे म्हणणे एवढेच आहे की या कामात शेपूट ओढायला गेले की त्याच्या मागून दुसरा हत्ती येतो.

एक उदाहरण देतो. या गाडीच्या छतावर मूळचे व्हिनाइलचे आवरण होते. असे आवरण कडेने पाणी धरून ठेवते आणि मागच्या काचेखालची पन्हळ आतल्या आत कुजवते. ती कुजलेली पन्हळ मी कापून काढली आणि नवी वेल्ड केली, आणि काम चांगले झाले म्हणून स्वतःवर खूशही झालो. दोन वर्षांनी, रंग चढून पॉलिश झाल्यावर, काचेभोवतीची चकचकीत पट्टी बसवून पाहिली तेव्हा उजव्या कोपऱ्यात ती जेमतेम तीन मिलिमीटर उचललेली राहिली. माझे वेल्डिंग तेवढे वर आले होते. ते खाली घ्यायचे तर रंग जाणार, रंग गेला की तो तुकडा पुन्हा जुळवून मारावा लागणार, आणि सोनेरी मेटॅलिक रंगाचा तुकडा जुळवणे म्हणजे काय असते हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. शिवाय छताचे कापड काचेच्या आधी, काच पट्टीच्या आधी, असा क्रम असल्यामुळे त्या तीन मिलिमीटरसाठी पुढची सगळी रांग थांबली. शेवटच्या दहा टक्क्यांत आधीच्या नव्वद टक्क्यांतली प्रत्येक चूक आपली वसुली मागायला येते.

रंगकामासाठी गाडी ज्या दुकानात दिली होती त्यांनी चार महिने सांगितले आणि एकोणीस महिने लावले. काम वाईट झाले नाही, पण त्या काळात माझी लय मोडली ती मोडलीच. इथे डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अव्हेन्यू या रस्त्यावर १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते. पुढच्या वर्षी आपली गाडी तिथे न्यायची, असे मी बायकोला सात वर्षे दर ऑगस्टला सांगत आलो. शेवटच्या चौदा महिन्यांत तर मी गाडीवरचे कापडही उचलले नव्हते. त्या कापडावर आमच्या गणपतीच्या मखराचे खोके येऊन बसले होते. पैसे संपले नव्हते आणि जागेचीही अडचण नव्हती, माझा जीवच त्या कामातून उठला होता. हे कबूल करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण हाती घेतलेले तडीस न्यावे हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजलेले असते.

विकायचे ठरल्यावर बहुतेकांचा सल्ला होता की आधी पूर्ण कर आणि मग वीक, किंमत जास्त येईल. हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो. विकण्यासाठी म्हणून माणूस गाडी पूर्ण करायला बसला की प्रत्येक ठिकाणी त्याचा हात स्वस्ताकडे वळतो. सीटची कव्हरे साधारण प्रतीची येतात, उचललेली पट्टी सिलिकोनने चिकटवली जाते, जी वायर कुठे जाते ते कळत नाही ती टेप गुंडाळून डॅशबोर्डमागे ढकलली जाते. वरून गालिचा अंथरला की तळाचे वेल्डिंग कोणाला दिसते? उलट अर्धवट गाडीत लपवायला जागाच नसते. गालिचा नाही म्हणून तळाचा प्रत्येक सांधा उघडा, कापड नाही म्हणून छताची आतली बाजू उघडी. घेणाऱ्याला पुट्टी किती आणि पत्रा किती हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि सीट चामड्याच्या हव्यात की रेक्झिनच्या हे तो स्वतः ठरवू शकतो.

दोन गोष्टी मात्र विकणाऱ्यानेच करून द्याव्यात. पहिली गोष्ट म्हणजे इंजिन सुरू करून दाखवणे. या इंजिनातले झडपा उघडणारे कॅमशाफ्ट आणि सपाट बुडाचे लिफ्टर नवे असले, की पहिल्याच वेळी जस्त जास्त असलेले तेल घालून ते सुमारे वीस मिनिटे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास पळवावे लागते. नुसते आयडलवर घरघरत ठेवले तर कॅमचे उंचवटे घासले जातात आणि त्यांचा कीस सगळ्या इंजिनभर फिरतो. कधीच सुरू न झालेले 'नवे' इंजिन म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने बंद पेटी असते. मी तात्पुरते सायलेन्सर जोडून, मुलाच्या हातात फोन देऊन, ती वीस मिनिटे पूर्ण चित्रित केली. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवण्यासाठी पॉन्टिअक दोरीचे सील वापरत असे आणि त्याचे गळणे प्रसिद्ध आहे. माझेही गळले, तळाशी रुपयाएवढा डाग पडला आणि तोही चित्रणात आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, स्वतःच्या नावावर असावे, आधीच्या मालकाने सही करून दिलेले तसेच पुढे सरकवू नये. आणि पॉन्टिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागवून ठेवावी, म्हणजे गाडी कोणत्या रंगात आणि कोणत्या ऑप्शनांसह बाहेर पडली यावर वाद उरत नाही.

किमतीबद्दल स्पष्टच लिहितो. खरेदीचे अकरा हजार आणि बिलांचे अडतीस हजार मिळून एकोणपन्नास हजार डॉलर झाले होते, माझे तास मी कधी मोजलेच नाहीत. पण माझ्या बिलांशी घेणाऱ्याचा काय संबंध? गाडी पूर्ण झाल्यावर तिची काय किंमत येईल, त्यातून उरलेल्या कामाचा खर्च आणि त्या कामाची धास्ती वजा करून तो बोलणार, आणि धास्तीचा आकडा खर्चापेक्षा मोठा असतो. मी एकतीस हजार मागितले. जाहिरातीत 'जवळजवळ पूर्ण' हे शब्द मुद्दाम टाळले आणि काय काय झालेले नाही त्याची यादी सगळ्यात वर दिली, त्या तीन मिलिमीटरसकट. एकाने अठरा हजार देऊ केले, एकाने रंग लाल असता तर घेतली असती असे कळवले, आणि एकाने जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याला द्या, अशी ती सुप्रसिद्ध लबाडी (चेक नंतर वटतच नाही) करून पाहिली.

शेवटी आला तो साठी ओलांडलेला, पत्र्याचे साचे बनवण्यात आयुष्य गेलेला मिशिगनचाच माणूस. त्याने इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. खाली पुठ्ठा अंथरून आडवा झाला, खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढून मडगार्डाच्या कडेने फिरवले, मग मागच्या काचेच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून दोनदा दाबला आणि हसला. त्यानंतर म्हणाला, "खोकी दाखवा."

खोक्यांत सुमारे दीडशे प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. गाडी सोडवताना प्रत्येक जागेचे स्क्रू आणि क्लिपा मी वेगळ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर मार्करने लिहिले होते, सगळे मराठीत. 'डावे दार, आतला हँडल.' 'बॉनेटची बिजागरी, वरचे दोन लांब.' आपणच पुन्हा जोडणार आहोत याची तेव्हा एवढी खात्री होती, की दुसऱ्या कोणाला ते वाचावे लागेल हे मनातही आले नव्हते. जाहिरात देण्याआधी दोन संध्याकाळी बसून मी त्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवल्या. त्याने चिठ्ठ्यांखालची अक्षरे बराच वेळ न्याहाळली, मग पिशव्या उघडून मोजून पाहिल्या आणि एकोणतीस हजार म्हणाला. मागच्या कोपऱ्याच्या नावाने मी पाचशे स्वतःहून सोडले.

व्यवहार त्याच्या बँकेत, काउंटरवर, दोघांनी उभे राहून केला आणि तिथून सरळ सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे इथे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या, कार्यालयात जाऊन टायटल त्याच्या नावावर केले. साडेवीस हजार डॉलरचा तोटा झाला, हे बायकोने पहिल्या दिवशी एकदा म्हटले आणि नंतर नाही. गॅरेजच्या फरशीवर तेलाचा डाग आहे, तो अजून मी धुतलेला नाही.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी एक पिशवी सापडली आहे, तिच्यावर इंग्रजी चिठ्ठी नाही, आत चार काळे बोल्ट आणि एक वाकडी पट्टी आहे, फोटो पाठवला आहे, तेवढे वाचून सांगाल का, असे तो अत्यंत अदबीने विचारत होता. मी फोटो मोठा करून पाहिला. माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'हे कुठले ते कळत नाही. नंतर बघू.'