आडून नव्हे, सरळ विचारा

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे प्रसिद्ध झाले की महाराष्ट्रात आत्महत्यांवर चर्चा झडतात. २०२२ साली राज्यात २२,७४६ जणांनी जीवन संपवले, हा देशातील सर्वाधिक आकडा होता. पण परीक्षा, कर्ज, मोबाइल आणि 'हल्लीची पिढी नाजूक' यांपलीकडे बोलणे क्वचितच जाते. इंग्लंडमध्ये राहून हे वाचताना मला राहून राहून वाटते की, ज्या घरात असे खचलेले माणूस आज आहे, तिथल्या आईने किंवा भावाने आज रात्री काय करायचे, हे या चर्चांत कुठेच नसते.

इथे अशा प्रसंगांसाठीच्या प्रशिक्षणात सरळ प्रश्न विचारायला शिकवतात. आपल्याकडे काळजीपोटीच विचारले जाते, "काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" या प्रश्नातच 'नाही' हे उत्तर दडलेले असते आणि समोरचा ते देऊन मोकळा होतो. त्याऐवजी "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. उलट, बोलता आल्याने अनेकांना हलके वाटते. उत्तर 'हो' आले, तर काही ठरवले आहे का, हेही विचारावे. आईबापाची शपथ घालू नये, औषधे आणि घातक वस्तू त्याच्या हाताशी राहू देऊ नयेत, धोका जवळ वाटला तर एकटे न सोडता थेट रुग्णालय गाठावे. "कुणाला सांगू नकोस" हे वचन मात्र, कितीही गळ घातली तरी, देऊ नये.

इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न १९६१ पासून गुन्हा नाही. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण असल्याचे गृहीत धरले आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ उरले नाही. तरीही पोलिसांच्या आणि नातेवाइकांच्या धास्तीने कुटुंबे डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

इकडचे सारेच अनुकरणीय आहे असे नाही. मानसोपचारासाठी ताटकळावे लागते, प्रौढ रुग्णाची माहिती त्याच्या संमतीविना सहसा घरच्यांना मिळत नाही, आणि एकट्या राहणाऱ्याचे दार ठोठावणारे कुणी नसते. आपल्याकडे माणसे येतात, ही मोठी जमेची बाजू आहे. फक्त त्यांनी उपदेश आवरून ऐकायला हवे. २०२२ पासून सुरू असलेली 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलते, आणि काळजीत पडलेले नातेवाईकही तिथे फोन करू शकतात.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमके तेव्हाच 'आता बरा झाला' म्हणून सारे पांगतात. माझ्यासारख्या दूर राहणाऱ्यांनी आपला वाटा इथे उचलावा: रोज ठरल्या वेळी त्याला फोन करावा, आणि रात्र जागवणाऱ्या वहिनीचीही स्वतंत्रपणे विचारपूस करावी.