आज्याचा गुण्या आणि माझं ड्रॉइंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय, "आमच्या आज्यानं गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), ओळंबा आणि सुतळीवर देवळं उभी केली. खिद्रापूरला कुणी शॉप ड्रॉइंग काढलं होतं? बिलं फुगवायचं हे नवं खूळ आहे." शॉप ड्रॉइंग म्हणजे दगड कापण्याआधी एकेका दगडाचं माप आणि सांधा दाखवणारा कागद; तो मी काढतो. पण राग आला नाही. पाथरवटाच्या घरातला माणूस असंच बोलणार.

खिद्रापूरचंच घ्या. तिथल्या कोपेश्वर मंदिरात स्वर्गमंडपाच्या छताला गोल झरोका, खाली गोलात १२ खांब. त्या गोलातला एकेक दगड नुसत्या नजरेनं घडवून शेजारच्याला कसा भिडेल? कुठंतरी पूर्ण मापात तो गोल आखलाच असणार. आखणीचा पुरावाच हवा असेल तर भोपाळजवळ भोजपूरला जा. ११व्या शतकातलं अर्धवट राहिलेलं शिवमंदिर आहे. आसपासच्या खडकांवर खांबांच्या, शिखराच्या रेघा कोरलेल्या आजही दिसतात. कागद नव्हता, ड्रॉइंग होतं.

आज्याचा दगड भिंतीच्या पायथ्याशीच घडायचा. बसला नाही तर उतरवायचा, छिन्नीचे दोन घाव आणि परत वर. आता दगड दुसऱ्या गावात मशीनवर कापला जातो आणि कापणाऱ्यानं ती भिंत जन्मात पाहिलेली नसते. त्याच्या हातात कागद असतो, तेवढाच. आणि काळ्या दगडाचा घनफूटच ८० किलोच्या आसपास भरतो. चुकलेला दगड परत पाठवायचा म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगू!

माझीच फजिती सांगतो. रंकाळ्याच्या बाजूला एका सभामंडपाचं काम होतं. दगडाचे २१ थर. मी थरांच्या उंचीची बेरीज केली आणि सांधे धरायलाच विसरलो. दोन सुताचा, म्हणजे पाव इंचाचा सांधा, असे २० सांधे. म्हणजे ४० सूत, पाच इंच! तुळई वर चढवायच्या दिवशी कळलं. शेवटचा थर ग्राइंडरनं उतरवला. तो बारका थर अजून दिसतो. मी तिकडून जाताना वर बघत नाही.

तेव्हापासून प्रत्येक दगडाला नंबर, सांधा, दगड अडकवणाऱ्या पिनेचं भोक, सगळं कागदावर. पीन स्टेनलेसची, हेही लिहून. साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगडाची कड उडवतं.

तुमचं एक मात्र शंभर टक्के खरं. ऑफिसात बसून आर्किटेक्टच्या नकाशावरून उतरवलेलं शॉप ड्रॉइंग रद्दीच्या भावाचं. आरसीसीचा खांब नकाशात सरळ असतो, जागेवर इंचभर कललेला. टेप घेऊन, ओळंबा सोडून माप घेतल्याशिवाय काढलेल्या ड्रॉइंगचे पैसे देऊ नका, माझेही नाही. आर्किटेक्टनं सही केली म्हणून निश्चिंत होऊ नका; तो डिझाइन जुळतंय का ते बघतो, मापं आपल्याच गळ्यात.

आणि हो, गलत्याची (दगडाच्या कडेच्या वळणदार घडणीची) नक्षी सगळीकडे सारखी यावी म्हणून आज्याकडं फर्मा, म्हणजे तिचा साचा, असणारच. पत्र्याचा होता की लाकडी? घरात असेल तर फोटो टाका.