ईर्षेचा शनिवार

शनिवारी सकाळी दहाला दादाचा फोन आला तेव्हा मी क्लबच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होते. साठ माणसांच्या सूपचे कांदे. कोल्हापुरात तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते.

"अगं, काल परत गॅलरीत राडा झाला," दादा म्हणाला. "बाटल्या काय, चपला काय. मॅच थांबवली. आता म्हणायला लागलेत, हंगामच बंद करा."

मागून भांड्यांचा आवाज ऐकून त्यानं विचारलं, "तू कुठायस?"

"मैदानावर," मी म्हटलं. "आज इथंही पेठेची मॅच आहे."

ज्यांना कोल्हापूर फक्त कुस्तीचं आणि रश्श्याचं गाव म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा असतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं ज्या पोरांच्या तोंडात असतात, त्यांना हिवाळ्यात दुसरा विषय सुचत नाही. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात. आणि दर एक-दोन हंगामांनी तेच होतं: हाणामारी, लाठीमार, गुन्हे दाखल, आणि मग गावभर चर्चा. एक म्हणतो सामने प्रेक्षकांविना खेळवा. दुसरा म्हणतो बंदोबस्त वाढवा. तिसरा म्हणतो ही ईर्षाच मुळात घातक आहे, पोरांना अभ्यासाला लावा. दादासारखे जुने लोक मधल्यामधे गप्प बसतात, कारण त्यांना राडाही नको असतो आणि फुटबॉल बंद पडलेलाही बघवत नाही.

माझं म्हणणं असं की पेठापेठांची ईर्षा राहू द्या. पण मॅचच्या दिवशी गॅलरीत बसणाऱ्याच्या हाताला काही काम द्या. हे मला इथं, दक्षिण स्कॉटलंडमधल्या एका गिरणीगावात कळलं.

गॅलाशील्स हे नाव लांबलचक, म्हणून सगळे 'गाला' म्हणतात. लोकरीच्या कापडाचं गाव. माझे वडील इचलकरंजीत मागावर जॉबर, म्हणजे माग लावून दुरुस्त ठेवणारे, होते, मी कापडाचं शिक्षण घेतलं आणि पुढं शिकायला इथं आले, कारण हेरियट-वॉट विद्यापीठाचा वस्त्रविभाग याच गावात आहे. त्याच्या शेजारीच नेदरडेलचं मैदान. वर्षभर मी खिडकीतून ते बघत होते. आत पाऊल टाकलं ते मुलगा सात वर्षांचा झाल्यावर, त्याला लहान मुलांच्या रग्बीला सोडायला.

शेजारचं गाव हॉइक. इथून साधारण तीस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ते इचलकरंजीएवढंच अंतर. तेही गिरण्यांचं, विणलेल्या स्वेटरांचं. हॉइकचा रग्बी क्लब १८७३चा, गालाचा १८७५चा. हॉइक हिरव्या जर्सीत, गाला गडद तांबड्या, म्हणजे 'मरून' रंगाच्या जर्सीत. या भागातल्या गावांची बॉर्डर लीग १९०१ पासून चालू आहे आणि ती रग्बी युनियनमधली, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंच्या रग्बीतली, जगातली सर्वांत जुनी लीग मानली जाते. सात-सात खेळाडूंचं रग्बी, जे आता ऑलिंपिकमध्ये खेळतात, तेही इथलंच: पलीकडच्या मेलरोज गावात १८८३ साली क्लबला पैसे कमी पडले, तेव्हा नेड हेग नावाच्या खाटकानं ही कल्पना काढली. एवढ्या लहान लहान गावांतून हे सगळं आलं आहे. आणि ईर्षा म्हणाल तर आपल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. हॉइकवाले गालावाल्यांना अजून एका जुन्या शब्दानं चिडवतात. तुमच्या गावात घरात संडास उशिरा आले, तोवर तुम्ही बादल्यांवर भागवलंत, असा त्याचा अर्थ. आजोबा चिडत होते त्याच शब्दाला नातूही चिडतो.

त्या शनिवारी मी पोचले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ गोलखांबांना गाद्या बांधत होते. खेळाडू खांबावर आदळला तर डोकं फुटू नये म्हणून खांबाभोवती जाड गादी गुंडाळतात. एका गादीची दोरी तुटली होती. थंडीनं त्यांची बोटं लाल झाली होती, पण तुटलेली दोन टोकं त्यांनी एकमेकांवर ठेवली, अंगठ्यानं दाबली, एक टोक मागून फिरवून फासातून ओढलं आणि गाठ बसवली. मी जागीच थांबले. तुटलेला ताण्याचा धागा वडील अगदी तसाच जोडायचे. ती विणकराची गाठ. लहान बसते, सरकत नाही, म्हणून कापडात दिसत नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, चाळीस वर्षं गिरणीत माग लावले, गिरणी बंद झाली, हात काही बंद होत नाहीत. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे हे काम करणाऱ्याला जॉबर म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

हे गृहस्थ तरुणपणी हॉइकविरुद्ध खेळलेले. त्यांचं नाक दोनदा मोडलं ते हॉइकच्याच माणसांनी. त्या दिवशी हॉइकची बस आली तेव्हा दारात तेच उभे होते, पाहुण्यांना कपडे बदलायची खोली दाखवायला आणि गरम पाणी येतंय का ते बघायला.

मॅचबद्दल मी फार लिहिणार नाही. ऐंशी मिनिटांतली पहिली वीस तर स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या गड्यांची खांद्याला खांदा भिडवून होणारी रेटारेटी, कोसळण्यातच गेली. आरडाओरडा भरपूर होता. माझ्या मागच्या बाईनं रेफ्रीला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. पण मैदानात रेफ्रीशी फक्त कॅप्टन बोलतो, तोही अदबीनं, आणि ते शेकडो माणसांच्या समोर घडतं. सात-आठ वर्षांची मुलं कुंपणाला नाक लावून ते बघत असतात. शिट्टी वाजल्यावर जिंकलेल्यांनी दोन रांगा केल्या आणि हरलेले टाळ्यांमधून आत गेले, मग हरलेल्यांनी तशाच रांगा केल्या. जिंकलं हॉइक. मरून जर्सीतली माणसं रडवेली झाली होती, तरी हात टाळ्या वाजवत होते.

मग सगळे जेवायला आत. यजमान क्लबनं पाहुण्यांना जेवू घालायचं, ही रीत. मी पळीनं सूप वाढत होते आणि समोर ताटली घेऊन हिरव्या जर्सीचा तो आडदांड गडी उभा होता, ज्यानं आमच्या संघातल्या एका पोराला दोनदा आडवं पाडलं होतं. ओठ सुजलेला. "थोडं गार झालेलं मिळेल का?" त्यानं हळूच विचारलं. जखमेला गरम सूप झोंबत होतं. मी त्याच्यासाठी वाटीत काढून फुंकर घातली आणि बाजूला ठेवलं. ज्या माणसाच्या ओठाची मी अशी काळजी घेतली, त्याच्यावर पुढच्या वर्षी मी बाटली कशी फेकेन?

माझा सगळा मुद्दा या वाटीपाशी आहे. त्या दिवशी मैदानावर निव्वळ प्रेक्षक थोडे होते. एक जण रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकत होता, एक गाड्या लावून घेत होता, एक प्रथमोपचाराची पेटी घेऊन रेषेवर, दोघी भांड्यांना, एक जर्सी धुवायला घरी नेणार. जो माणूस राबतो त्याला दिवस बिघडलेला नको असतो. इथं गर्दीला आवरतो तो याच कामाचा भार.

आता कोणी म्हणेल, युरोपातल्या लोकांना हे जमतं, त्यांच्या अंगात शिस्त आहे. हे मला मान्य नाही, आणि कारण माझ्या धंद्यातलंच आहे. १८५० साली ब्रिटनमध्ये कारखान्यांचा कायदा झाला आणि कापड गिरण्यांत बायका-मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणं सक्तीचं झालं. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नव्हती, त्यामुळे पुरुषांचीही हळूहळू सुटका झाली. शनिवारची दुपार रिकामी झाली आणि पुढच्या काही दशकांत त्या दुपारीच हे क्लब उभे राहिले. गिरणीगावांतला खेळ मोकळ्या वेळेतून उगवला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून रविवारची सुट्टी मिळवली, ती १८९० साली. तीही एकच. इचलकरंजीत माझे वडील बारा तासांच्या पाळीत उभे असायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांना कान मिटून झोपायचं असायचं, कारण आठवडाभर मागांचा खडखडाट डोक्यात घुमत राहायचा. त्यांनी कुठल्या क्लबात गाद्या बांधायच्या होत्या? गाद्या बांधणाऱ्या त्या गृहस्थांना पेन्शन आहे, दवाखाना फुकट आहे, मैदान घरापासून दहा मिनिटांवर आहे. या गोष्टी बाजूला ठेवून कोल्हापूरच्या पोरांना शिस्तीचे धडे देणं अन्यायाचं आहे, आणि परदेशातून मायदेशाला सल्ले देणारी आम्ही मंडळी तो अन्याय वारंवार करतो.

इथं सगळं गोड आहे असंही नाही. नेदरडेलवर एके काळी या भागाचा व्यावसायिक संघ खेळायचा. पैसा पुरेना म्हणून २००७ साली तो बंद केला. गावांचे क्लब त्यानंतरही टिकले, पण तरुण पोरं एडिंबरात नोकरीला जातात आणि कित्येक शनिवारी दुसरा संघ उभा करायला माणसं भरत नाहीत. क्लबचा खर्च बऱ्याच अंशी बारवर चालतो, आणि संध्याकाळी उशिरा त्या बारमध्ये मला थांबावंसं वाटत नाही. आणि एक धास्ती माझ्या पोटात कायम असते. डोक्याच्या दुखापतींमुळे पुढं मेंदूचे आजार जडले म्हणून ब्रिटनमधल्या माजी रग्बी खेळाडूंनी कोर्टात दावे केले आहेत. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. त्याच्या डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी प्रशिक्षक त्याला बाहेर काढतात, सामना कितीही रंगात असो. तरी दर टॅकलला, कुणी त्याला धरून पाडलं की, माझी मूठ वळते.

शाहू स्टेडियममध्ये जेवढी माणसं एका साध्या साखळी सामन्याला येतात, तेवढी पाहिली तर गालाचे लोक थक्क होतील. आमच्याकडे प्रेम कमी नाही. तालीम नावाची गोष्टही आमच्याकडे आहे, जी इथल्या क्लबापेक्षा कितीतरी मोठी आहे: तिथं गणपती बसतो, महाप्रसाद रांधला जातो, पेठेतल्या मयतीला खांदा द्यायला माणसं तिथूनच निघतात. २०१९ला पंचगंगेचा महापूर आला तेव्हा तालमी-मंडळांच्या पोरांनी छातीभर पाण्यातून म्हातारी माणसं बाहेर काढली आणि चुली पेटवून हजारोंना जेवू घातलं. त्यांतलीच पोरं गॅलरीत बसतात. महापुरात त्यांच्या हाताला काम होतं. मॅचच्या दिवशी त्यांना फक्त ओरडायला बोलावलं जातं, आणि मग ओरडण्याच्या पुढं जे होतं त्याबद्दल पोलीस त्यांना जबाबदार धरतात. धरायलाच हवं, दगड मारणाऱ्याची गय नको. पण प्रेक्षकांविना सामने खेळवणं म्हणजे ज्या तालमींनी हा खेळ जगवला त्यांनाच दाराबाहेर ठेवणं.

दुसरी गोष्ट मला मनापासून सलते. माझं आजोळ शिवाजी पेठेत. सुट्ट्या तिथं गेल्या, दादा आणि मामा मॅचला जायचे, येऊन आम्हा मुलींना गोल सांगायचे. मी सव्वीस वर्षांची होईपर्यंत शाहू स्टेडियमच्या आत पाऊल टाकलं नाही. कोणी अडवलं नव्हतं. कोणी चल म्हणालं नव्हतं, एवढंच. इथं क्लबात यायला लागल्यावर मला पहिल्याच महिन्यात एका बाईंनी एप्रन दिला आणि विचारलं, शनिवारी येशील का. गॅलरीत आया, बहिणी, लहान पोरं असतील तर तिथली हवा बदलेल, असं मला वाटतं. त्यासाठी आधी बसायला सुरक्षित जागा आणि धड स्वच्छतागृह लागेल, आणि ती मागणी तालमींनीच लावून धरली पाहिजे.

हे सगळं मी रात्री दादाला फोन करून सांगितलं. मॅच झाल्यावर यजमान तालमीनं समोरच्या संघाला आपल्या पेठेत जेवायला न्यावं. महाप्रसादाची भांडी आहेत, आचारी आहेत. गॅलरीच्या प्रत्येक भागाला दोन्ही पेठांची जुनी खेळलेली माणसं उभी करावीत, ज्यांच्यासमोर पोरं सिगारेटसुद्धा लपवतात. पाणी वाटायला, गेटवर, जखमींना उचलायला पोरांनाच नेमावं आणि त्यांची नावं फलकावर लिहावीत.

दादाला पटलं नाही. "पांढरा रस्सा समोर ठेवलास तरी शिवाजी पेठेतलं पोरगं मंगळवारात जेवायचं नाही," तो म्हणाला. "तुला आता इथलं माहीत नाही." ते खरं असेल. दहा वर्षं मी पेठेत राहिलेली नाही.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. टीव्हीचा आवाज येत होता, वहिनी कुणाला तरी हाका मारत होती. मग त्यानं विचारलं, "साठ माणसांच्या सूपला कांदे किती लागतात?"

"चार किलो," मी म्हटलं.