चिठ्ठी हातात, आणि गोळी नको

आज दुपारी दीडच्या सुमाराला मेडिकलच्या काउंटरला धरून एक मुलगी उभी होती. उभी कसली, काचेवर कोपर टेकून कशीबशी तग धरून होती. बारावीची. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर घाम, आणि अडीचला फिजिक्सचं प्रॅक्टिकल. हातात डॉक्टरांची पाळीच्या दुखण्यासाठीची चिठ्ठी: मेफेनॅमिक अ‍ॅसिड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, खाल्ल्यावर, तीन दिवस. सगळं स्वच्छ लिहिलेलं. आणि शेजारी आई म्हणते, "मॅडम, गोळी राहू दे. नुसता ओव्याचा अर्क द्या. गोळीची एकदा सवय लागली की सुटत नाही, आणि पुढे मूलबाळ व्हायला त्रास होतो म्हणतात."

म्हणतात. कोण म्हणतात, ते एकदा भेटू देत मला.

या गोळीची सवय लागत नाही. ती नशेची नाही, झोपेची नाही. पाळी सुरू होताना गर्भाशयाच्या आतल्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचा स्नायू आवळतो, इतका की त्यातल्या रक्तवाहिन्या चेंगरतात, स्नायूला रक्त पुरत नाही आणि कळ येते. हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत कळ येते ना, तशीच ही. तिथं मात्र घरदार गाडी काढून धावतं. हीच रसायनं आतड्यालाही छळतात, म्हणून मळमळ, उलटी, जुलाब. "काल वडापाव खाल्लास, भोग आता" असं नसतं ते. गोळी ही रसायनं तयार होण्याचं काम थांबवते. तयार झालेली मात्र पुसून काढत नाही. सगळी गोम इथंच आहे.

म्हणजे "गोळी घेऊन काही फरक पडत नाही" म्हणणाऱ्या दहा जणींना विचारा, कधी घेतली? तर, "अगदीच सहन होईना तेव्हा." मग कशी लागू पडेल? गोळी घ्यायची ती अंगावरून जायला लागल्याबरोबर, किंवा पाळी घड्याळासारखी येत असेल तर ओटीपोट जड वाटायला लागलं की लगेच. आणि मग पहिले दोन दिवस, फार तर तीन, ठरल्या वेळी. दुखलं की एक, थांबलं की बंद, पुन्हा गडाबडा लोळायला लागली की दुसरी, याला औषध घेणं म्हणत नाहीत. आजच्या मुलीने सकाळी सहाला सुरुवात झाल्यावर काहीच घेतलं नव्हतं. दीड वाजेपर्यंत दोनदा उलटी झाली होती. अशा वेळी गोळी पोटात टिकली तरी नशीब.

दुसरी चूक मात्रेची. दुकानात सगळ्या जणी मागतात ती मेफ्टल स्पास. तिच्यात मेफेनॅमिक अ‍ॅसिड २५० आणि पेटके सैल करणारं डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम असतं. मोठ्या बाईला दुखण्यासाठी मेफेनॅमिक साधारण ५०० लागतं, म्हणून एकीने भागत नाही. मग दोन घेतात. त्यात डायसायक्लोमिनही दुप्पट होतं आणि तोंड कोरडं, डोळ्यांपुढे धूसर, गरगर. त्यावर निष्कर्ष काय, तर "मला गोळ्या सोसत नाहीत." अगं, सोसत नाही ती जोडीची गोळी. डॉक्टरांना साधं मेफेनॅमिक किंवा आयबुप्रोफेन ४०० लिहून द्यायला सांग. पॅरासिटामॉल या दुखण्याला कमी पडतं, पण ज्यांना बाकीच्या गोळ्या चालत नाहीत त्यांना तेवढाच आधार.

आणि अंगावरून जास्त जातं म्हणून ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेत असाल तर पाकीट उलटं करून वाचा. पुष्कळ ब्रँडमध्ये त्यात मेफेनॅमिक २५० आधीच घातलेलं असतं. वर पुन्हा स्पास घेतली की मेफेनॅमिक दोन वाटांनी पोटात जातं. नुसतं ट्रानेक्सॅमिक रक्तस्राव कमी करतं, दुखणं नाही. डायक्लोफिनॅक (ही याच जातीची दुखण्याची गोळी) आणि मेफेनॅमिक एकत्र तर कधीच नको, जठराला भोक पाडायची ती तयारी.

बरं, भीती सगळीच खोटी नाही, हे मान्य करते. रिकाम्या पोटी घेतली तर जळजळ होणारच. अल्सर, किडनीचा आजार, या जातीच्या गोळ्यांनी दमा उसळणं, रक्त पातळ करायचं औषध चालू असणं, गरोदर असण्याची शक्यता, डेंग्यूचा संशय, यात ही गोळी नाहीच. २०२३ च्या शेवटी औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिकबद्दल इशाराही काढला होता: ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं अशी गंभीर अ‍ॅलर्जी क्वचित उठते, गोळी घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांतही. तसं दिसलं तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. मूल हवं असताना महिनाभर रोज या जातीच्या गोळ्या खाल्ल्या तर अंडं बाहेर पडायला अडथळा येऊ शकतो, हेही खरं. पण पाळीच्या दोन-तीन दिवसांत अंडं बाहेर पडायची वेळच नसते हो! मग वंध्यत्व येतं कुठून?

आता खरा संताप सांगते. गोळीने मूल होत नाही म्हणणारी हीच घरं गौरी-गणपतीच्या आठवडाभर आधी काउंटरवर येतात. चिठ्ठी नाही, काही नाही. "पाळी पुढे ढकलायची द्या. घरात पूजा आहे." ती नॉरएथिस्टेरॉन. हार्मोनची गोळी आहे ती. ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून सुरू करायची, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पायाच्या शिरेत कधी गुठळी झालेली असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. पण तेव्हा कुणाला गर्भाशय आठवत नाही, सवय आठवत नाही, मूलबाळ आठवत नाही. लेकीचं दुखणं थांबवायला गोळी वाईट, देवघराची सोय बघायला गोळी चांगली.

असो. बीपी वाढवून काय होणार.

ओव्याचा अर्क घ्या की, माझी ना नाही. आल्याने थोडा फरक पडतो, हेही कबूल. शेक तर उत्तमच, पण तोही नीट. एक बाई म्हणाल्या, "रात्रभर गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून झोपते, पोटावर जाळीसारखे डाग पडलेत." ते त्या शेकाचेच डाग. रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतायचं नाही. दोन तृतीयांश भरायची, आडवी धरून हवा काढायची, मग बूच घट्ट. वर टॉवेल. पंधरा-वीस मिनिटं शेकायचं, मग बाजूला. रबराला चिरा गेल्या असतील तर सरळ फेकून द्या. इलेक्ट्रिकची जेलवाली असेल तर प्लग काढल्याशिवाय अंगाला लावू नका. काहीच नसेल तर तव्यावर जाडं मीठ गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी मनगटाला लावून बघा. कॉलेजला जायचं तर औषधाच्या दुकानात चिकटवायचे गरम पॅच मिळतात, ते कपड्यावरून लावायचे.

आणि हे सगळं वेळेवर, नीट मात्रेत, तीन पाळ्या करूनही मुलगी शाळा-कॉलेज बुडवत असेल, तर ते "बायकांचं नेहमीचं" नव्हे. दुखणं दर वर्षी वाढत चाललंय, पाळीच्या चार दिवस आधीच सुरू होतंय, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतंय, त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना जीव जातो, संबंधाच्या वेळी दुखतं, यातलं काहीही असलं तर एंडोमेट्रिओसिसचा विचार व्हायला हवा. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्या जागी वाढतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना असतो, आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाही, असं नसतं. छोटे डाग सोनोग्राफीत दिसतच नाहीत. उलट "पीसीओडी आहे" (अंडाशयाचा, हार्मोन बिघडल्याचा विकार) असा शेरा मिळाला की सगळी दुखणी त्याच्या खात्यावर टाकतात. पीसीओडीने पाळी लांबते. इतकं लोळवणारं दुखणं असेल तर दुसरं कारण शोधा.

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना "खूप दुखतं" एवढंच सांगू नका. तीन महिन्यांची वही न्या: तारीख, दुखणं किती वाजता सुरू झालं, किती तास, किती पॅड, कोणती गोळी कधी, किती दिवस बुडाले. तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, दहाच्या नाण्याहून मोठ्या गुठळ्या पडतायत, तेही लिहा. मग डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज, किंवा गर्भनिरोधक गोळ्या, असं काहीतरी लिहून मिळेल. गर्भनिरोधक म्हटलं की आई खुर्चीवरून उठते. त्या गोळीने अस्तर पातळ राहतं, रसायन कमी बनतं, दुखणं कमी होतं. लग्न झालेलं नाही म्हणून ती काम करायची थांबत नाही. आणि "लग्न झालं की थांबतं" हे औषध सतराव्या वर्षी लिहून देणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. बाळंतपणानंतर काही जणींचं कमी होतं, होय. म्हणून तोवर लोळायचं?

नाहीतर दुसरं टोक आहेच, "गर्भपिशवीच काढून टाका". बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गाजलं. पाळीत एक खाडा झाला की दंड, म्हणून तिशीतल्या बायकांच्याही पिशव्या काढलेल्या. दुखण्यावर वेळेत गोळी आणि दोन दिवस सुट्टी यापेक्षा ऑपरेशन सोयीचं वाटावं, अशी व्यवस्था आपली. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवस १९९२ पासून मिळतात. आपल्याकडे अजून "मग कामावर बायका घ्यायच्या कशाला" इथंच गाडी अडलेली.

त्या मुलीला आत स्टुलावर बसवलं. आई जरा नरमली होती. म्हणाली, "आम्हाला पण दुखायचं, आम्ही कुठं गोळ्या खाल्ल्या." आणि मग आवाज खाली आणून, "मला तर चाळिशीनंतर जास्तच झालंय. आठ-आठ दिवस जातं." ताई, हे अंगावर काढू नका. अ‍ॅडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) असू शकतं, गाठ असू शकते. आधी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या. पिशवी काढायच्या आधी हार्मोनवाली तांबीसारखी वस्तू आत बसवण्याचाही पर्याय असतो, तो विचारून घ्या.

पावणेदोनला शेवटी म्हणाल्या, "बरं, द्या. पण रिकाम्या पोटी नको ना?" समोरच्या गाडीवरून दोन केळी आणली. मुलीने एक कसंबसं खाल्लं, गोळी घेतली, वीस मिनिटं डोळे मिटून बसली. उलटी झाली नाही. सव्वादोनला उठून गेली. अर्काची बाटली आईने घेतलीच. पाचच गोळ्या कापून द्या म्हणाल्या, पण चिठ्ठीप्रमाणे नऊ दिल्या.

गौरींना अजून वेळ आहे. तेव्हा पाळी पुढे ढकलायची गोळी मागायला आल्या, तर आधी लेकीची वही दाखवा म्हणणार आहे.