या आठवड्याची पाळी

आत्याने तिसऱ्यांदा पोहे घेतले, वरून जीरावन मसाला भुरभुरवला, मूठभर सेव टाकली (आम्ही इंदूरचे लोक शेवेला सेव म्हणतो, पुण्याच्या पाहुण्यांनी दुरुस्त करू नये) आणि म्हणाली, "तुझी बाई मजा आहे. जर्मनी म्हणजे सगळं कसं चकाचक!"

मी चमचा खाली ठेवला. ते चकाचक कोण करतं, हे सांगायची वेळ आली होती.

मी श्टुटगार्टला शिकते. सुट्टीत दोन आठवडे इंदूरला लोकमान्य नगरच्या घरी आले आहे आणि आल्यापासून जो भेटतो तो माझी मजा मोजतो. हाल विचारलेच तर थंडीचे आणि जेवणाचे विचारतात. त्यांचं काही नाही हो. थंडीला कोट असतो आणि जेवणाला आईने दिलेला मसाला. पैशांचंही सवयीचं होतं. व्हिसासाठी बाबांनी वर्षाचे 11,904 युरो एका खात्यात कोंडून ठेवले आणि त्यातले 992 मला महिन्याला सुटतात. आपलेच पैसे, पण बँक देते अशी, जशी आजी दिवाळीला पाकिटातून नोट काढते. आमच्या घरात टीव्ही नाही, तरी टीव्ही-रेडिओचे महिना 18.36 युरो घरटी भरावेच लागतात. आम्ही चौघी राहतो, म्हणजे टीव्ही नसल्याचा माझा खर्च साडेचार युरो. रविवारी दुकानं बंद. रात्री दीड वाजता सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून गराडू (तळलेला कंद) खाल्लेल्या मुलीला रविवारी दुपारी कांदा मिळत नाही, हे दुःख मोठं आहे, पण शनिवारी कांदे आणले की संपतं.

जे संपत नाही ते वेगळंच आहे.

मी गेले तेव्हा माझ्या बॅगेत तेवीस किलो सामान होतं आणि डोक्यात इंदूरचा पहिला नंबर. 2017 पासून सलग सात वर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर! 2023 ला तो मान सुरतेबरोबर वाटून घ्यावा लागला, ते आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. सहा प्रकारचा कचरा वेगळा करणारं आमचं गाव. आमच्या ओल्या कचऱ्याचा गॅस होतो आणि त्यावर सिटी बस धावते. अशा गावची मुलगी जर्मनांना चार गोष्टी शिकवेल, अशीच माझी समजूत होती. फक्त एक बारीक अडचण होती. घरी झाडू-पोछा करायला बाई येते. पहिला नंबर शहराचा होता, माझा नव्हता.

राहायला जाऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला एक छोटीशी पाटी लटकवलेली. सुबक अक्षरं, दोरीसुद्धा नीट. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी लिहिलं, "वा! नेमप्लेट!" काकांनी अंगठा दाखवला. मावशीने हार घातलेला गणपती पाठवला.

ती नेमप्लेट नव्हती. तिच्यावर लिहिलेला शब्द मैत्रिणीने उच्चारून दाखवला, "केरवोखं." मला वाटलं, ही मराठी कधी शिकली? तर 'केर' म्हणजे झाडणं आणि 'वोखं' म्हणजे आठवडा. केराचा आठवडा. पाटी ज्याच्या दाराला, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, कठडासुद्धा. शनिवारी काम झालं की पाटी शेजारच्या दाराला. ही झाली छोटी केरवोखं. मोठीची पाळी आली की इमारतीचं दार, तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि समोरचा फुटपाथ. बर्फ पडला तर तोही सकाळी सातच्या आत उचलायचा. कुणी घसरून पडलं तर भरपाई आपल्या गळ्यात येऊ शकते.

मी म्हटलं, यात काय? दिवाळीच्या आधी आपल्याकडे जिना धुतात तसा धुऊन टाकू. बादली भरली, वरच्या पायरीवरून सोडली आणि खराटा नव्हता म्हणून झाडू घेऊन मागे धावले.

जिना लाकडाचा होता.

पाणी तीन मजले उतरून तळमजल्याच्या आजीबाईंच्या पायपुसण्यावर विसावलं. दार उघडलं. आजीबाईंनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या झाडूकडे. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या, कोरडं फडकं आणलं आणि माझ्या हातात देऊन तिथेच उभ्या राहिल्या. पायऱ्या अठ्ठेचाळीस. एकेक पायरी पुसताना त्या मला इतिहास सांगत होत्या. श्टुटगार्टमध्ये आपापली घाण आठवड्यातून एकदा काढण्याचा नियम 1492 सालचा. मी मनात हिशेब केला. होळकरांचा कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला 1767 साली, म्हणजे ही बाई मला पावणेतीनशे वर्षं आधीचं काही ऐकवत होती. 1988 ला शहराने हा नियम काढून टाकला म्हणे. भाडेकरारांनी ठेवला. तळमजल्याने तर ठेवलाच.

त्या दिवसापासून आजीबाईंनी माझ्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. आता कचरा. सालं-उष्टं एका डब्यात, कागद दुसऱ्या, पॅकिंग पिवळ्या पिशवीत, उरलंसुरलं आणखी एका डब्यात. पिवळी पिशवी आरपार दिसणारी, त्यामुळे घराची अब्रू रस्त्यावर. एकदा त्यांनी मला त्या पिशवीपाशी बोलावून एक दह्याची डबी दाखवली. तिचं चांदीसारखं झाकण कडेला अर्धं चिकटून राहिलं होतं. डबी पिवळ्या पिशवीतच जाणार, झाकणही तिथेच जाणार, पण दोघांनी हात धरून जायचं नाही. मी झाकण तोडलं. त्या "सो" म्हणाल्या. जर्मनीत "सो" म्हणाले की तो विषय संपतो.

हे सगळं फोनवर घरी सांगितलं तर आई-बाबा हसले. समजलं फक्त आजीला. "यात हसण्यासारखं काय आहे? खरकटं वेगळं, कोरडं वेगळं, निर्माल्य वेगळं. तुझ्या आईला तीस वर्षं हेच सांगतेय." तिला तळमजल्याच्या आजीबाई फार आवडल्या. सोवळ्याची बाई आहे, म्हणाली.

मात्र तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. एका शनिवारी तिने फोन लावला तेव्हा मी घाईत होते. म्हटलं, "आजी, नंतर बोलते. माझी पाळी आहे, जिना पुसायचाय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "पाळी आहे तर जिना कशाला पुसतेस गं? त्या बाईला सांग की! बस एका जागी."

मी समजावून सांगितलं. पाटीचं सांगितलं. "म्हणजे दारावर पाटी लावतात?" आजीचा आवाज चढला. "आमच्या काळी निदान पाटी तरी लावत नव्हते."

लोणच्याच्या बरणीची गोष्ट राहिलीच. आईचं लिंबाचं लोणचं संपलं. काच घरच्या डब्यात टाकत नाहीत. कोपऱ्यावर मोठ्या टाक्या असतात, पांढरी काच, तपकिरी काच, हिरवी काच. बरणी धुतली, झाकण काढून पिवळ्या पिशवीत टाकलं, थंडीत दहा मिनिटं चालत गेले. हात आत घालणार तोच कुत्रं फिरवणारे एक गृहस्थ थांबले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "आज रविवार आहे." रविवारी काच फोडून आवाज करायचा नाही. मी बरणी पोटाशी धरून परत आले. अंगाला लोणच्याचा वास येत होता आणि आपण काहीतरी चोरून परत ठेवायला निघालोय, असं उगाच वाटत होतं.

हे सगळं मी पोह्यांच्या बशीवर आत्याला सांगितलं. आत्याने जिलबी उचलली. "म्हणजे तिकडे बाई मिळत नाही तर!" एवढाच बोध तिने घेतला.

तेवढ्यात गल्लीत कचरागाडीचं गाणं वाजलं. मी उठलेच. गेले चार दिवस घरातला सगळा कचरा मीच निवडतेय, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरासुद्धा वेगळा ठेवते. आज दाखवायचंच होतं. गाडीवरच्या पोराने माझ्या पिशव्या एकेक करून पाहिल्या आणि एक परत माझ्या हातात दिली. रिमोटचे दोन जुने सेल सुक्या कचऱ्यात गेले होते.

"दीदी, ये अलग डब्बे में. बाहर से आए हो क्या?"

परत आले तर आई फोनवर बाईशी बोलत होती. "हो हो, जाऊन ये गावी, आठ दिवस खुशाल राहा." इतक्या गोड आवाजात आईने सुट्टी दिलेली मी जन्मात ऐकली नव्हती. संध्याकाळी माझ्या खोलीच्या कडीला मिठाईच्या खोक्याचं झाकण लटकत होतं. दोरी नीट, अक्षर आईचं, "या आठवड्याची पाळी."

आजी काठी टेकत तिथून चालली होती. थांबली, चष्मा लावला, पाटी दोनदा वाचली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "पाळी आहे ना तिची? मग झाडू काय देतेस हातात? बसू दे पोरीला!"

मी बसले.